गोरिलाचं बारसं, पक्ष्याचं डोहाळजेवण, कासवाचं माहेरपण: निसर्ग जपल्याचे सण आणि त्याबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दरवर्षी मार्चमध्ये कोकणातल्या वेळास गावाहून परत आले की कुणीतरी विचारतंच, "कासवाची पिल्लं बघायला एवढ्या लांब?" मग गप्पा सुरू होतात आणि वेळासवरून रवांडा, आसाम, भूतान असं करत कुठल्या कुठे जातात. प्रश्न बहुतेक तेच असतात. म्हणून उत्तरं एकदा नीट लिहून ठेवते आहे.

निसर्ग जपण्याचा "सण" म्हणजे ५ जूनचा पर्यावरण दिनच ना?

तोही एक, पण मला सांगायचं आहे ते थोडं वेगळं आहे. १९७२ साली स्टॉकहोमला संयुक्त राष्ट्रांची मानवी पर्यावरण परिषद भरली. ती ५ जूनला सुरू झाली, म्हणून १९७३ पासून त्या दिवशी जागतिक पर्यावरण दिन पाळतात. त्याच्याही आधी, २२ एप्रिल १९७० ला, अमेरिकेत पहिला वसुंधरा दिन झाला. सिनेटर गेलॉर्ड नेल्सन यांच्या कल्पनेतून निघालेल्या त्या दिवशी सुमारे दोन कोटी माणसं रस्त्यावर उतरली होती. या दिवसांचं मोल मी कमी मानत नाही. शाळेत पहिल्यांदा "प्रदूषण" हा शब्द मी पर्यावरण दिनाच्या चित्रकला स्पर्धेतच लिहिला होता.

पण हे दिवस वरून खाली आले. काही सण मात्र गावातून उगवतात. गावाने स्वतःचा हात आवरलेला असतो, झाड तोडलेलं नसतं, अंडी विकलेली नसतात, जाळं लावलेलं नसतं, आणि मग वर्षातून एकदा सगळे जमून त्याचा आनंद करतात. अशा सणांबद्दल वाचत गेले, एक-दोन ठिकाणी स्वतः जाऊन आले, तेव्हा एक गोष्ट लक्षात आली. यासाठी नवा सोहळा कुणी शोधून काढलेला नाही. घरात आधीपासून जे होतं तेच घेतलं आहे: बारसं, डोहाळजेवण, जत्रा, सुगीचा सण. फक्त पाटावर बसवलेला पाहुणा वेगळा आहे.

असे सण किती जुने आहेत?

परंपरा केवढी जुनी असू शकते हे बघायचं तर राजस्थानात खेजडलीला जावं लागतं. जोधपूरपासून साधारण २५ किलोमीटरवरचं हे बिश्नोईंचं गाव. गुरू जांभोजींनी १४८५ साली हा पंथ सुरू केला आणि २९ नियम घालून दिले. बीस आणि नौ, म्हणून बिश्नोई. हिरवं झाड तोडायचं नाही आणि प्राणिमात्रावर दया करायची, हे त्या नियमांतलेच.

१७३० साली महाराजा अभयसिंहांच्या बांधकामासाठी चुना भाजायला लाकूड हवं होतं. राजाची माणसं खेजडीची झाडं तोडायला गावात आली. अमृतादेवी झाडाला मिठी मारून उभी राहिली. "सिर साटे रूंख रहे तो भी सस्तो जाण", म्हणजे डोकं देऊन झाड राहत असेल तरी तो सौदा स्वस्तच, असं ती म्हणाल्याचं तिकडे सांगतात. तिच्यामागून तिच्या तीन मुली गेल्या. मग आसपासच्या गावांतून माणसं येत राहिली, झाडांना कवटाळत राहिली. एकूण ३६३ जणांनी जीव दिला, तेव्हा कुठे राजाने तोड थांबवली.

खेजडी म्हणजे दुसरंतिसरं काही नसून आपली शमी. दसऱ्याला आपण जिची पूजा करतो तीच. हे कळल्यावर मला खेजडलीची गोष्ट एकदम घरातली वाटायला लागली.

तिथे दरवर्षी भाद्रपद शुद्ध दशमीला मेळा भरतो. आपल्याकडे गणपतीचे दिवस चालू असतात, तेव्हा तिकडे बिश्नोई बायका ठेवणीतले दागिने घालून, रंगीत ओढण्या घेऊन येतात. हवनात तूप आणि नारळ पडतात, पाखरांसाठी धान्य ठेवलं जातं. एवढी माणसं गेली त्या दिवशी सणासुदीचे कपडे कसे, असा प्रश्न बाहेरच्याला पडेल. आपल्याला पडायला नको. ज्ञानेश्वरांच्या समाधीच्या दिवसांत आळंदीला यात्राच तर भरते.

रवांडात गोरिलांचं बारसं करतात हे खरं आहे का?

अगदी खरं. उत्तर रवांडात विरुंगा या ज्वालामुखींच्या रांगेत व्होल्कॅनोज राष्ट्रीय उद्यान आहे. त्याच्या पायथ्याशी किनिगीला २००५ पासून "क्विता इझिना" हा सोहळा होतो. किन्यारवांडा भाषेत या शब्दांचा अर्थच नाव ठेवणं. रवांडातल्या घरात मूल जन्मलं की आप्तमंडळी आणि शेजारीपाजारी जमतात, नावं सुचवतात, त्यातलं एक बाळाला मिळतं. तीच रीत त्यांनी वर्षभरात जन्मलेल्या डोंगरी गोरिलांच्या पिल्लांना लावली.

पिल्लांना कुणी मंडपात आणत नाही, ती आईपाशी रानातच असतात. मैदानावर गोरिलाचा वेश घातलेली गावातली लहान मुलं असतात. एकेक पाहुणा व्यासपीठावर येतो, पिल्लाचं नाव पुकारतो आणि ते का ठेवलं ते सांगतो. शांती, आशा, कृतज्ञता अशा अर्थांची नावं असतात. ज्या देशाने १९९४ चा नरसंहार पाहिला, त्या देशात एका पिल्लाला "शांती" म्हणून हाक मारताना लोकांना काय वाटत असेल, याचा विचार माझ्या मनातून जात नाही.

नाव ठेवण्यामागे कामाचं कारणही आहे. प्रत्येक गोरिलाच्या नाकावरच्या वळ्या वेगळ्या असतात आणि वनरक्षक त्यावरूनच एकेकाला ओळखतात. नाव असलं की नोंद ठेवता येते, कोण आजारी आहे, कोण दिसेनासं झालं ते कळतं. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला विरुंगाच्या डोंगरांत जेमतेम अडीचशे गोरिला उरले होते. त्यांच्यासाठी आयुष्य वेचलेल्या संशोधक डायन फॉसी यांचा १९८५ च्या डिसेंबरमध्ये तिथेच खून झाला. २०१८ मध्ये विरुंगा आणि युगांडातलं ब्विंडीचं जंगल मिळून डोंगरी गोरिलांची संख्या हजारापुढे गेल्याचं जाहीर झालं. त्याच वर्षी त्यांचं नाव "अतिसंकटग्रस्त" यादीतून एक पायरी खाली, "संकटग्रस्त" यादीत आलं.

आणि आसामात पक्ष्याचं डोहाळजेवण?

हे तर माझं सगळ्यात लाडकं उदाहरण.

हरगिला हा करकोच्याच्या कुळातला पक्षी. "हाड" आणि "गिळणे", नाव ऐकताच आपल्याला कळावं असं. उंची जवळजवळ पाच फूट, डोकं जवळपास टक्कल, मान उघडी, गळ्याखाली लोंबती पिशवी. खाणं बरंचसं सडकं मांस आणि कचराकुंडीवरचं. घरटी मात्र लोकांच्या परसातल्या उंच कदंबावर. आता कल्पना करा, अंगणात वाळत घातलेल्या धुण्यावर वरून विष्ठा आणि कुजकं मांस पडतंय. कुणालाही वाटेल झाड तोडून मोकळं व्हावं. कामरूप जिल्ह्यातल्या गावांमधले लोक तेच करत होते.

जीवशास्त्रज्ञ पूर्णिमादेवी बर्मन यांनी २००७ मध्ये दादरा गावात असंच एक घरट्यांनी भरलेलं झाड तोडलेलं पाहिलं. पिल्लं खाली पडली होती. त्यांनी जाब विचारला तर लोकांनी त्यांचीच टर उडवली. त्या तेव्हा पीएचडी करत होत्या आणि त्यांना जुळ्या मुली होत्या. पीएचडी त्यांनी बाजूला ठेवली, ती पुढे २०१९ मध्ये पूर्ण झाली.

त्यांनी पुरुषांच्या सभा घेण्यापेक्षा बायकांना एकत्र आणायचं ठरवलं. सभेला या म्हटलं तर कोण येणार? म्हणून पाककलेच्या स्पर्धा ठेवल्या. पहिलटकरणीसाठी आसामी घरांत जो पंचामृताचा सोहळा होतो, तो त्यांनी अंडी घालायच्या सुमाराला हरगिलाच्या माद्यांसाठी सुरू केला. बायका जमतात, ओव्या म्हणाव्या तशी गाणी म्हणतात, गोडधोड होतं, वर झाडावर ती उग्र वासाची आई बसलेली असते. जिचं डोहाळजेवण केलं, तिचं झाड कोण तोडू देईल? तिथल्या बायकांनी मागावर गमछात आणि मेखला चादर या आसामी पोशाखात हरगिला विणायला घेतला, त्याचे चार पैसेही मिळू लागले. झाडाखाली जाळी बांधून पडणारी पिल्लं झेलतात. या बायका स्वतःला हरगिला सेना म्हणवतात आणि त्यांची संख्या आता हजारोंत आहे. २०२२ मध्ये बर्मन यांना संयुक्त राष्ट्रांचा "चॅम्पियन्स ऑफ द अर्थ" पुरस्कार मिळाला, आणि २०२३ मध्ये हा पक्षी संकटग्रस्त यादीतून बाहेर आला.

देखण्या प्राण्यावर माया करणं सोपं असतं. इथे बायकांनी घाण वासाच्या, अपशकुनी म्हटल्या जाणाऱ्या पक्ष्याला लेकीसारखं मानलं.

भूतानमध्ये क्रौंच पक्ष्यांचा उत्सव कधी असतो?

११ नोव्हेंबरला. फोबजिखा खोऱ्यात, गांगतेय मठाच्या अंगणात. १९९८ पासून तो होतो आणि तो दिवस भूतानच्या चौथ्या राजांच्या वाढदिवसाचाही आहे. तिबेटच्या पठारावरून काळ्या मानेचे क्रौंच हिवाळा काढायला या खोऱ्यात उतरतात. ते येताना आणि जाताना मठाला प्रदक्षिणा घालतात अशी तिथल्या लोकांची श्रद्धा आहे. उत्सवात शाळेची मुलं पंख आणि चोच लावून क्रौंचनृत्य करतात.

मला त्यातली खरी भेट वाटते ती विजेची. गावात वीज हवी होती, पण उघड्या तारा म्हणजे उडणाऱ्या क्रौंचांना धोका. तेव्हा खोऱ्यात तारा जमिनीखालून टाकल्या. लोकांनी उजेडासाठी वाट पाहिली.

पूर्वी जे शिकार करायचे तेच आता उत्सव करतात, हे कसं घडतं?

नागालँडचं उदाहरण घ्या. वोखा जिल्ह्यात दोयांग नदीवर धरण झालं आणि पाण्याभोवती ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये लाखो अमूर ससाणे उतरायला लागले. जेमतेम दीडशे ग्रॅमचा हा पक्षी सैबेरिया-चीनकडून दक्षिण आफ्रिकेपर्यंत जातो, वाटेत नागालँडला थांबून वाळवीवर ताव मारतो. धरणात मासेमारी करणाऱ्यांनी मासळीची जाळी झाडांमध्ये उभी लावली. २०१२ मध्ये पत्रकार बानो हरालू आणि त्यांच्या सोबत्यांनी ते जगापुढे आणलं. त्या एका हंगामात लाखाच्या वर पक्षी मारले गेल्याचा अंदाज होता.

पुढच्याच वर्षी, २०१३ मध्ये, एकही पक्षी मारला गेला नाही. एका वर्षात! गावपंचायतींनी ठराव केले, दंड लावले, चर्चमध्ये पाद्र्यांनी त्यावर प्रवचनं दिली, शाळांत मुलांचे गट तयार झाले. त्या नोव्हेंबरात तीन ससाण्यांच्या पाठीवर उपग्रहाला संदेश देणारी यंत्रं बसवली आणि त्यांना नावं दिली: नागा, वोखा आणि पांगती. पांगती हे तर जिथे सर्वांत जास्त शिकार व्हायची त्या गावाचंच नाव. आपल्या गावाचं नाव घेऊन एक पाखरू अरबी समुद्र ओलांडतंय म्हटल्यावर त्याच्या वाटेत कोण जाळं लावेल? या पक्ष्यांची वाट महाराष्ट्रावरूनही जाते, आपल्या पक्षीमित्रांना ते दिसतात.

वोखातल्या लोथा नागांचा सुगीनंतरचा मोठा सण म्हणजे तोखू एमोंग, ७ नोव्हेंबरचा. २०२२ पासून त्याच दिवसांत नागालँडभर पक्षीगणना होते आणि तिला नावही सणाचंच दिलं आहे. पुन्हा तेच: सण जुना, पाहुणा नवा.

एक मात्र प्रामाणिकपणे सांगायला हवं. ज्या घराची चूल त्या शिकारीवर चालत होती, त्याला नुसत्या टाळ्या देऊन भागत नाही. पांगतीतल्या लोकांनी उत्पन्न सोडलं, आणि पर्यटकांच्या येण्याने ते सगळ्यांचं भरून निघालं असं म्हणता येणार नाही.

महाराष्ट्रात असा सण कुठे आहे?

रत्नागिरी जिल्ह्यात, मंडणगड तालुक्यात, वेळासला. नाना फडणवीसांचं गाव म्हणून इतिहासात आलेलं, बाणकोटच्या खाडीच्या तोंडाशी, सुपारीच्या वाड्यांत दडलेलं.

२००२ साली चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेची मंडळी समुद्री गरुडाचा अभ्यास करत किनाऱ्यावर फिरत होती. भाऊ काटदरे हे त्या संस्थेचे प्रमुख. त्यांना वेळासच्या वाळूत कासवाच्या अंड्यांची टरफलं दिसली. चौकशी केल्यावर कळलं की इथे ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालतात, आणि ती अंडी एकतर कोल्ह्या-कुत्र्यांच्या पोटात जातात नाहीतर माणसं उकरून विकतात. त्यावर रागावून तक्रारी करत बसण्यापेक्षा संस्थेने गावाशी बोलणं सुरू केलं. वाळूतली घरटी शोधण्यात सगळ्यात तरबेज कोण, तर अंडी काढणारेच. त्यांच्याच नजरेचा उपयोग झाला. आज अशा राखणदारांना कोकणभर "कासवमित्र" म्हणतात.

कासवमित्राचं काम उत्सवात दिसत नाही, म्हणून सविस्तर सांगते. नोव्हेंबरपासून रोज पहाटे, उजाडायच्या आत, तो किनारा चालत जातो. मादी रात्री येऊन गेली असेल तर वाळूत ट्रॅक्टरच्या चाकासारखा माग उमटलेला असतो, वर जाणारा आणि परत येणारा. मागाच्या टोकाला काठीने वाळू चाचपायची. पोकळ लागलं की हाताने उकरायचं. खाली सुरईच्या आकाराचा खड्डा आणि त्यात शंभराच्या आसपास पांढरीशुभ्र अंडी, अगदी पिंगपाँगच्या चेंडूएवढी. ती लगेच, आणि उलटीपालटी न होऊ देता, जाळीच्या कुंपणात न्यायची. मूळ खड्ड्याइतकाच खोल, त्याच आकाराचा खड्डा करून पुरायची. वर पाटी, तारीख आणि अंड्यांची संख्या. मग पंचेचाळीस ते साठ दिवस राखण. पिल्लू नर होणार की मादी, हे वाळूच्या उष्णतेवर ठरतं, जास्त गरम वाळूत माद्या जास्त. ऊन फारच चढलं तर वर सावली करावी लागते.

दिवस भरत आले की प्रत्येक खड्ड्यावर टोपली उपडी घालतात आणि सकाळ-संध्याकाळ ती उचलून बघतात. २००६ पासून याच दिवसांत गावात कासव महोत्सव होतो. सुरुवातीला संस्थेने हात धरला होता, नंतर गावाने तो आपला करून घेतला, वनविभाग सोबत आहे. पुढे आंजर्ल्यालाही असाच महोत्सव सुरू झाला.

वेळासला जायचं तर कधी आणि काय पाळायचं?

साधारण फेब्रुवारीच्या मध्यापासून एप्रिलपर्यंत. कुठल्या दिवशी पिल्लं बाहेर येतील हे कुणालाच सांगता येत नाही, त्यामुळे एक मुक्काम धरून जा, दोन धरलेत तर उत्तम. आधी गावात फोन करून विचारा. मुंबई-पुण्याकडून हरिहरेश्वरमार्गे आलात तर बागमांडल्याहून वेशवीला गाडीसकट फेरीबोटीने खाडी ओलांडता येते.

राहायचं गावातल्या घरांत. हॉटेल शोधू नका. ओटीवर किंवा माजघरात गाद्या, जेवायला आमटी-भात, कोकमाची कढी, एखाद्या दिवशी मोदक. मी ज्या घरी उतरते तिथल्या काकू पहाटे सहालाच हाक मारतात, "उठा हो, टोपली उचलायची वेळ झाली." त्यांच्या घरात कासवाच्या हंगामात येणाऱ्या पाहुण्यांच्या पैशातून पुढच्या पडवीवर कौलांऐवजी पत्रा पडला, हे त्यांनी मला स्वतः कौतुकाने दाखवलं.

पाळायचं ते एवढंच: दोरीच्या मागे राहा, मोबाइलचा फ्लॅश बंद, पिल्लांना हात लावायचा नाही, किनाऱ्यावर रात्री टॉर्च फिरवायचा नाही. पिल्लं उजेडाकडे जातात, समुद्रावरचा उजेड हीच त्यांची खूण. आणि कासवमित्राने "आज पिल्लं नाहीत" म्हटलं तर त्याच्याशी वाद घालू नका.

पिल्लांना थेट समुद्रातच का सोडत नाहीत? चालवत का नेतात?

त्यांच्या अंगात बळ यावं आणि किनाऱ्याची ओळख पटावी म्हणून. मोठ्या झालेल्या माद्या बहुतेक वेळा जन्मल्या त्याच भागातल्या किनाऱ्यावर अंडी घालायला येतात. कोकणात म्हणतात, कासवीण माहेरी बाळंतपणाला येते. हजारांतलं एखादंच पिल्लू तिथवर पोचतं.

पण माहेर केवढं मोठं असू शकतं, हे अलीकडे कळलं. २०२१ मध्ये ओडिशाच्या गहिरमाथ्याला एका मादीच्या वल्ह्यासारख्या पायावर धातूची पट्टी लावली होती. तीच मादी २०२५ च्या जानेवारीत गुहागरच्या वाळूत अंडी घालताना सापडली. भारताला अर्धा वळसा घालून! त्याआधी २०२२ मध्ये वेळासला एका मादीच्या पाठीवर उपग्रह यंत्र बसवलं, पश्चिम किनाऱ्यावरची ती पहिलीच, म्हणून तिचं नाव "प्रथमा". २०२३ मध्ये गुहागरहून सोडलेली "बागेश्री" श्रीलंकेला वळसा घालून बंगालच्या उपसागराकडे गेली. नावं ठेवण्याची हौस आपल्यालाही रवांडाइतकीच आहे.

अशा उत्सवांचा निसर्गालाच त्रास होत नाही का?

होतो, आणि हे दडवून चालणार नाही. अकोले तालुक्यात भंडारदऱ्याच्या बाजूला मे अखेर ते जूनमध्ये काजव्यांनी झाडं लखलखतात. नर काजवा उडत उडत लुकलुकून मादीला बोलावतो आणि मादी उजेडानेच उत्तर देते. तिथे शेकडो गाड्या दिवे लावून रांगेत उभ्या राहिल्या की हे बोलणं तुटतं. एका वर्षी मी स्वतः अशा गर्दीत सापडले. झाडाखाली गाणी लावलेली, मुलं काजवे पकडून प्लास्टिकच्या बाटलीत भरत होती, त्यांचे आईवडील फोटो काढत होते. मला रडू यायचं बाकी होतं. त्यानंतर मी काजवे बघायला गेलेले नाही.

फरक मला इथे दिसतो. रवांडात गोरिला बघायला दिवसाला ठरावीकच माणसं सोडतात आणि त्या परवान्याचे १५०० डॉलर घेतात. राष्ट्रीय उद्यानांच्या उत्पन्नातला दहावा हिस्सा आसपासच्या गावांच्या शाळा, दवाखाने, पाण्यासाठी जातो. वेळासला दोरी गावातलाच मुलगा धरून उभा असतो आणि तो ओरडला की मुंबईचा साहेबही मागे सरतो. यजमान कोण आहे हे जिथे पाहुण्याला कळतं, तिथे उत्सव प्राण्यांना सोसतो.

५ जूनला झाड लावावं की नाही?

कोकणात पाऊस आला असेल तर जरूर. विदर्भात, मराठवाड्यात नको. तिथे मोसमी पाऊस पोचायला जूनचा मध्य उजाडतो आणि ५ तारखेला लावलेलं रोप फोटो काढून झाल्यावर आठवड्यात वाळतं. तेव्हाचे केंद्रीय कृषिमंत्री कन्हैयालाल मुन्शींनी १९५० मध्ये वनमहोत्सव देशभर सुरू केला तो जुलैच्या पहिल्या आठवड्यात, ते शेतकऱ्याच्या हिशोबाला धरून आहे.

जगात सगळीकडे झाडांचा दिवस असा मातीच्या ओलीवरूनच ठरलेला दिसतो. अमेरिकेत नेब्रास्काच्या उघड्याबोडक्या माळावर पहिला वृक्षदिन १० एप्रिल १८७२ ला झाला, बर्फ वितळून माती मऊ झाल्यावर. ज्यूंचा झाडांचा नववर्षदिन, तू बिश्वात, जानेवारी-फेब्रुवारीत येतो, कारण तिकडे पाऊस हिवाळ्यात पडतो. तेव्हा आपल्या गावाची तारीख आपल्या पावसाला विचारून ठरवा.

आमच्या गावात असा सण सुरू करायचा असेल तर?

आधी बॅनर छापू नका. गावात कुणी काही जपलेलं आहे का ते शोधा. देवराई असेल, जिथली काडीही मोडायची नाही हे आजीने सांगितलेलं असतं. वटवाघळांनी लगडलेला वड असेल. जिच्या काठावर दरवर्षी चित्रबलाक उतरतात अशी तळी असेल. जपणारा माणूस बहुधा गप्प असतो, त्याला गाठा. मग गावात आधीपासून चालत आलेला सण बघा: शिमगा, बैलपोळा, ग्रामदेवतेची जत्रा. त्यातल्याच एका दिवशी त्या माणसाच्या हातात नारळ द्या. पहिल्या वर्षी वीस माणसं जमली तरी पुष्कळ.

लहान मुलांना वेळासला नेलं तर कंटाळतात का?

गेल्या वर्षी माझी सहा वर्षांची भाची सोबत होती. पहिल्या दिवशी संध्याकाळी टोपली उचलली, खाली नुसती वाळू. तिने तोंड पाडलं. रात्री काकूंनी तिला गरम दूधभात भरवला आणि सांगितलं, "अगं, बाळंतपण काय घड्याळ लावून होतं होय?"

दुसऱ्या दिवशी पहाटे सुरूच्या बनातून चालत गेलो. गारवा होता, समुद्र शांत होता. कासवमित्राने टोपली उचलली तर वाळू जागच्या जागी हलत होती. एक काळं टोक वर आलं, मग दुसरं, मग एकदम पंधरा-वीस, वाळूतून उकळी फुटावी तशी. तळहाताच्या खळग्यात मावतील एवढी पिल्लं. त्यांना टोपलीत घेऊन पाण्यापासून काही पावलांवर ठेवलं. ती चालायला लागली. दोन पावलं, मग दम खायला थांबायचं, मग पुन्हा दोन पावलं. माणसाच्या टाचेचा खळगाही त्यांना दरीसारखा होता. दोरीमागे शंभरेक माणसं असतील, पण एकाच्याही तोंडून आवाज नव्हता.

एक पिल्लू लाटेने दोनदा मागे फेकलं. तिसऱ्यांदा पाणी आलं, गेलं, आणि वाळूवर काहीच नव्हतं. भाचीने माझा हात घट्ट धरला होता. बऱ्याच वेळाने तिने काकूंना विचारलं, "आता ती मोठी होऊन परत कधी येणार?"

काकू म्हणाल्या, "पंधरा वर्षं तरी लागतील. तू येशील ना तेव्हा?"